सुन्न त्वचेवर लेसर

(दृश्य: वरच्या ओठावर क्रीमचा जाड पांढरा थर, त्यावर पारदर्शक प्लास्टिकची पट्टी.)

केस काढायच्या लेसरचा प्रत्येक ठोका रबर बँड ताणून सोडल्यासारखा लागतो. ओठावर आणि काखेत तर डोळ्यांत पाणी येतं. म्हणून आधी हे त्वचा बधिर करणारं क्रीम.

आपल्याकडच्या स्किन क्लिनिकमध्ये नेहमी दिसतं ते लायडोकेन आणि प्रायलोकेन या बधिर करणाऱ्या दोन औषधांचं मिश्रण, दोन्ही अडीच-अडीच टक्के. एकेकटी ही औषधं घन असतात. एकत्र आली की खोलीच्या तापमानालाच तेलासारखी पातळ होतात आणि त्वचेच्या वरच्या चिवट थरातून आत उतरतात. पण सावकाश. प्लास्टिकखाली तासभर ठेवलं तर बधिरपणा सुमारे 3 मिलिमीटर खोल जातो, दोन तासांत 5. वीस मिनिटांत पुसून टाकलं, तर दुखणारच.

4 टक्के लायडोकेनचं लिपोसोमल, म्हणजे औषध मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांत भरलेलं, क्रीम अर्ध्या तासात काम करतं, तेही प्लास्टिकशिवाय. टेट्राकेन या आणखी एका बधिर करणाऱ्या औषधाचं जेलही लवकर लागू पडतं, पण त्वचा लाल करतं. प्रायलोकेनचं मिश्रण उलट ती पांढुरकी पाडतं. लाल रक्तवाहिन्यांवर लेसर मारायचा असेल, तर डॉक्टर हे आधी बघतात.

(दृश्य: प्लास्टिकचा रोल, शेजारी क्रीमची ट्यूब.)

मग सगळ्यात कडक क्रीमच का घेऊ नये? अमेरिकेत 22 आणि 25 वर्षांच्या दोन तरुणींनी लेसरआधी पायांना क्रीम चोपडून वर प्लास्टिक गुंडाळलं. फार्मसीत बनवलेलं ते क्रीम होतं, त्यात लायडोकेन आणि टेट्राकेनचं प्रमाण भरपूर. औषध रक्तात गेलं, झटके आले, दोघी कोमात गेल्या आणि वाचल्या नाहीत. 2007 मध्ये तिथल्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं जाहीर इशारा दिला. ओठावरची इवलीशी पट्टी वेगळी आणि गुंडाळलेले दोन्ही पाय वेगळे. सोललेल्या, ओरखडलेल्या त्वचेतून तर औषध आणखी भराभर आत जातं.

आपल्या सावळ्या त्वचेचा मुद्दा मला याहून जवळचा वाटतो. तिच्यातलं मेलॅनिन हे रंगद्रव्यही लेसरची उष्णता शोषतं. भाजत असेल, तर "थांबा" म्हणण्याइतकी संवेदना शिल्लक हवी. पायांसारख्या मोठ्या भागाला म्हणूनच यंत्राचं गार टोक किंवा बर्फ बरा.

क्लिनिकनं "घरूनच लावून या" सांगितलं, तर किती ग्रॅम, कुठे आणि किती वेळ, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.