सरकत्या छपराची वेधशाळा

जुन्नर तालुक्यातल्या या माळावर, उसाच्या शेतांपासून थोड्या उंचीवर, दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद अशी एक पत्र्याची खोली उभी आहे. दिवसा पाहणाऱ्याला ती विहिरीवरची मोटारीची खोली वाटते. अंधार पडला की तिचे छप्पर दोन लोखंडी रुळांवरून पश्चिमेकडे सरकते आणि आत झोपवून ठेवलेली आठ इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण उघड्या आकाशाखाली येते.

वेधशाळेसाठी हा परिसर नवा नाही. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची दोन मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण येथून जवळच, गिरवलीच्या डोंगरावर, 2006 पासून काम करते आहे. खोडदच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपतात. हौशी निरीक्षकाला एवढा डोलारा परवडत नाही आणि त्याची गरजही नसते. खरे तर केवळ डोळ्यांनी पाहायचे असेल, तर बांधकामाच्या भानगडीत पडूच नये. डॉब्सोनियन प्रकारची, म्हणजे साध्या बैठकीवर हाताने फिरवायची दुर्बीण अंगणात आणून ठेवली की पाच मिनिटांत निरीक्षण सुरू होते. खोली लागते ती छायाचित्रणासाठी. पृथ्वी फिरत असल्यामुळे तारे तासाला 15 अंश सरकतात, आणि त्यांचा पाठलाग करणाऱ्या माउंटचा, म्हणजे दुर्बीण फिरवणाऱ्या बैठकीचा, अक्ष पृथ्वीच्या अक्षाशी समांतर असावा लागतो. ही जुळणी दर रात्री नव्याने करण्यात तासभर जातो; एकदा पक्क्या खांबावर केली की ती महिनोन्महिने टिकते.

म्हणून या वेधशाळेची सुरुवात दुर्बिणीपासून झाली नाही, मातीपासून झाली. शेताचा खालचा भाग घराजवळ आहे, तेथे वीज आणि पाणी दोन्ही आहे, पण तेथली माती काळी आहे. काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि पावसात फुगते. तिच्यावर उभा केलेला खांब डोळ्यांना कळणारही नाही इतका कलतो, आणि तेवढ्या कलण्याने सगळी जुळणी वाया जाते. त्यामुळे वरचा मुरमाड तुकडा निवडला गेला. कठीण मुरूम लागेपर्यंत चार फूट खोल खड्डा घेतला, त्यात सळयांचा पिंजरा उभा करून काँक्रीट ओतले, वर माउंटची पट्टी बसवण्यासाठी बोल्ट गाडले आणि तीन आठवडे पाणी मारले.

खांब आणि फरशी यांच्यामध्ये चहूबाजूंनी दोन बोटांची फट मुद्दाम ठेवलेली आहे. ही फट गवंड्याला अखेरपर्यंत पटली नाही. अर्धवट काम सोडल्याचा ठपका आपल्यावर येईल, असे त्याला वाटत होते. मात्र फरशी खांबाला चिकटली असती, तर माणसाने टाकलेल्या प्रत्येक पावलाचा हादरा दुर्बिणीपर्यंत पोहोचला असता आणि छायाचित्रातला तारा ठिपक्याऐवजी रेघ झाला असता.

भिंती विटांच्या नाहीत, यामागे काटकसरीपेक्षा वेगळे कारण आहे. एप्रिलच्या उन्हात तापलेली वीट मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहते आणि त्या गरम हवेतून पाहिलेला ग्रह पाण्याच्या तळाशी असल्यासारखा थरथरतो. पत्रा लवकर निवतो. बाहेरून पांढरा रंग दिला, तर मुळातच कमी तापतो. भिंतीची उंची पाच फूट आणि दुर्बिणीचा अक्ष साडेचार फुटांवर, हा हिशेब दक्षिणेसाठी केलेला आहे. साधारण 19 उत्तर अक्षांशावरून अगस्त्य तारा क्षितिजापासून जेमतेम 18 अंश वर येतो आणि त्रिशंकूचे तारे त्याहूनही खाली राहतात. भिंत फूटभर उंच असती, तर तेच आकाश झाकले गेले असते.

छप्पर पश्चिमेकडे का सरकते, हेही अक्षांशाशीच निगडित आहे. परदेशी आराखड्यांत ते बहुधा उत्तरेकडे सरकवलेले दिसते, कारण तेथे ध्रुवतारा चांगला उंच असतो. येथे तो केवळ 19 अंशांवर असल्याने उत्तरेकडे उभे राहिलेले छप्पर त्यालाच आड येईल. दक्षिण तर मोकळीच हवी. पश्चिमेला सह्याद्रीची रांग आणि तिच्यापलीकडे मुंबई-कल्याणच्या दिव्यांची फिकट आभा असल्यामुळे त्या दिशेचे खालचे आकाश गमावण्याचे फारसे दुःख नाही.

छपराचे वजन दुय्यम आहे, भीती वाऱ्याची. वळवाच्या वादळात हलका पत्रा पतंगासारखा उचलला जातो. म्हणून चाकांजवळ रुळाच्या खाली अडकणारे अँगलचे आकडे वेल्ड केले आहेत, आणि छप्पर बंद झाल्यावर चारही कोपरे साखळीने आवळले जातात. विजेच्या कडकडाटात अर्थिंगवर भरवसा ठेवण्यापेक्षा सगळ्या तारा सरळ काढून ठेवणे बरे. दुर्बीण 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालते, त्यामुळे शेतीच्या विजेच्या वेळापत्रकाशी तिचा संबंध उरलेला नाही.

रात्रीची वीज मिळाली की आजूबाजूचे शेतकरी पाणी द्यायला बाहेर पडतात आणि त्यांच्या विजेऱ्यांचे झोत अधूनमधून भिंतीवरून फिरतात. त्याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार निरीक्षकाला नाही. हा त्यांचा कामाचा वेळ आहे. शिवाय जुन्नरच्या उसात बिबट्याचा वावर असतो, आणि काळोखात एकट्याने उभे राहणाऱ्या माणसाला तो आवाज आणि तो उजेड सोबतीचा वाटतो. खोलीला आतून कडी आहे, तीही त्याचसाठी. ऊसतोडणीनंतर पाचट पेटवले जाते, त्या रात्री मात्र छप्पर उघडतच नाही, कारण धुराची काजळी आरशावर बसते.

जून ते सप्टेंबर वेधशाळा बंद असते. या चार महिन्यांत दमट हवेमुळे काचेवर बुरशी धरते आणि ती मुलामा कायमचा खराब करते. त्यासाठी नेत्रिका (डोळा लावून पाहायचे भिंग) आणि कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवतात. दाण्यांचा रंग बदलला की ते तव्यावर गरम करून पुन्हा वापरतात. नळीची दोन्ही तोंडे बांधली जातात, उंदरांनी कुरतडू नयेत म्हणून वायरी घरी येतात.

ऑक्टोबरमध्ये छप्पर पुन्हा उघडले की पहिली रात्र तपासणीची असते. क्षितिजावर धूसर असेल, तर ध्रुवताऱ्यावर विसंबता येत नाही. मग डोक्यावरून जाणाऱ्या मध्यमंडलाजवळचा (आकाशातल्या उत्तर-दक्षिण रेषेजवळचा), वैषुविक वृत्तालगतचा (विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आकाशातल्या वर्तुळालगतचा) एक तारा नेत्रिकेतल्या फुलीवर धरतात आणि तो उत्तरेकडे सरकतो की दक्षिणेकडे, हे पाहत राहतात. त्यावरून माउंट पूर्वेला की पश्चिमेला किंचित वळवायचा, ते ठरते. पावसाळ्यात मुरूम हलला नसेल, तर पाच मिनिटांनंतरही तारा फुलीवरच असतो.