अलिबागच्या किल्ल्यात चालत जाताय? आधी तिथी बघा!

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली तुम्ही एकच प्रश्न इतक्या वेळा विचारलात की आज त्यावर बोलायलाच हवं. "ताई, कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं का?" येतं. ओहोटीला. झालं उत्तर, बंद करा कॅमेरा!

नाही, थांबा. घोळ पुढेच आहे. कचरा परत आणा, दारू पिऊन पाण्यात उतरू नका, लाल बावटा दिसला तर काठावरच थांबा, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. न कळणारी गोष्ट म्हणजे भरतीची वेळ.

आमच्या आजोबांचा हिशेब सोपा होता: तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे साधारण तीनला पूर्ण भरती, दुपारीही आणि पहाटेही. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. त्यात सहा तास मागेपुढे केले की ओहोटी, म्हणजे सकाळी नऊ. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि भरतीही त्याच्या मागोमाग सरकते, म्हणून ही पाऊणकी. अंदाजच आहे हा, वेळ इकडेतिकडे होते. पक्की वेळ भरतीच्या तक्त्यात बघायची.

आता माझी फजिती. संकष्टी होती. नऊला आम्ही आरामात किल्ल्यात, पाणी घोट्याएवढं. गणपतीचं दर्शन झालं, गोड्या पाण्याची विहीर पाहिली, मग मावशीचे फोटो, मग मावशीला न आवडलेल्या फोटोंच्या जागी नवे फोटो. साडेअकराला बाहेर आलो तर पाणी मांडीला! मी म्हटलं, अडीच तासांत एवढं? टांगेवाले काका हसले. "पाणी आधी चालतं, मग पळतं."

हेच तीनदा सांगणार आहे, कंटाळू नका. भरतीचे सहा तास सारखे नसतात. एकूण चढाचे बारा भाग धरा. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी चढतं! पहिल्या तासात काहीच होत नाही असं वाटतं आणि आपण तिथेच फसतो. नऊची ओहोटी असेल तर साडेआठला आत जा आणि दहाला परत निघा.

गाडीवाल्यांचंही तेच. सकाळी पुळणीवर ओली, घट्ट वाळू दिसते, गाडी मस्त पळते, रील होतं. चाक रुतलं की तासभर ढकलाढकली, आणि नेमका तो पळणारा तास येतो. मागे एकाने लिहिलं होतं, "माझी फोर बाय फोर आहे." अहो, समुद्राला काय त्याचं! बऱ्याच किनाऱ्यांवर गाडी न्यायला बंदीच आहे. वेळास, आंजर्ल्याकडे तर हिवाळ्यात वाळूखाली कासवांची अंडी असतात.

तिसरी बाजू पोहणाऱ्यांची. "ओहोटी आहे, पाणी कमी, म्हणजे सुरक्षित" हे कुणी शिकवलं तुम्हाला? ओहोटीचं पाणी आत जात असतं, तुम्हाला घेऊन! शिवाय दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मध्ये एक शांत, गडद पट्टा दिसतोय, अशी जागा पाहून लोक मुलांना तिथेच उतरवतात. बहुतेक वेळा किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच जोरात परत जात असतं. अडकलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत त्या पट्ट्याबाहेर पडा. पोहवत नसेल तर तरंगत राहा, हात वर करा, ओरडा.

आणि हो, अष्टमीच्या आसपास किल्ल्याचा बेत करू नका. तेव्हा भांग असतो, म्हणजे भरतीही लहान आणि ओहोटीही लहान, पाणी पुरेसं ओसरत नाही. "ओहोटीला गेलो तरी कमरेएवढं होतं" असं चिडून लिहिणाऱ्या दादांनी तारीखही लिहिली होती. मी कॅलेंडर काढून बघितलं, नवमी होती!

आता तुमची परीक्षा. द्वितीया आहे, तुम्ही आदल्या रात्रीच अलिबागला पोचलायत. किल्ल्याकडे किती वाजता निघाल? कमेंटमध्ये लिहा. "दीड" लिहिणाऱ्यांनी सोबत होडी न्यावी.