उंबरा आडवा येतो

(साताऱ्यातल्या एका व्याख्यानमालेत निवृत्त स्थापत्य अभियंत्याने केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'जायबंदी जवानाचं घर'. फौजी म्हणजे काय, हे साताऱ्यात सांगायची गरज नाही. पहिल्या महायुद्धात एकट्या अपशिंग्याचे ४६ जवान कामी आले आणि गावाला 'मिलिटरी' हे नाव चिकटलं. गेलेल्यांसाठी आपण स्मारक उभारतो, मनापासून उभारतो. पण कमरेखालची संवेदना गमावून जो परत येतो, त्याच्या दारात काय उभारतो? रॅम्प! त्या रॅम्पवर माझा जुना राग आहे, तेव्हा पाच मिनिटं सोसा.

कोरेगाव तालुक्यातले एक हवालदार. नाव घेतलेलं त्यांना खपणार नाही. मणक्यात गोळी लागली. खडकीला १९७४ पासून पॅराप्लेजिक, म्हणजे कमरेखाली लुळ्या पडलेल्या जवानांचं केंद्र आहे, तिथे राहिले, खुर्चीवर बसून बास्केटबॉल खेळायला लागले. आणि गावी आल्यावर? स्वतःच्या न्हाणीत जायला दोन पुतणे लागायचे.

मग एका कार्यालयाने, कुठल्या ते विचारू नका, सत्काराबरोबर रॅम्प बांधून दिला. घराचं जोतं अडीच फूट. नियम साधा आहे, एक फूट चढायला बारा फूट लांबी. म्हणजे तीस फूट हवेत. यांनी बांधला आठ फूट, वर चकचकीत टाइल्स. नारळ फुटला, चौघांनी हवालदारांना वर ढकललं, टाळ्या झाल्या. उतरायची वेळ आली तेव्हा पाहुणे जेवायला गेले होते. पुढे वहिनी त्यावर कुरडया वाळत घालायच्या. ऊन छान लागायचं म्हणे. (हशा)

हसा, पण त्या आठ फुटांत कुणी हवालदारांना विचारलं नव्हतं. माझं म्हणणं एवढंच आहे : टेप आधी माणसाला लावा, मग भिंतीला.

मग आम्ही नवा उतार घराच्या बगलेने नेला, वळणावर सपाट जागा ठेवली, तीस फूट सहज बसले. अडलं ते उंबऱ्यावर. आजी म्हणाल्या, "उंबरा काढायचा नाही, लक्ष्मी तिथून येते." सागवानी, चार बोटं उंच, वर्षानुवर्षांचं हळदकुंकू मुरलेलं लाकूड. दोन दिवस कुणी कुणाशी बोलेना. शेवटी सुतार म्हणाला, काढायचा कशाला, खाली बसवू. फरशी खोदून तोच उंबरा जमिनीच्या पातळीला बसवला. आजी आता वाकून हळद लावतात, खुर्ची वरून जाते. माझ्या पदवीत हा धडा नव्हता.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे उरली'. तीन मिनिटं त्यांनी चहासाठी धरली असणार. तर मुख्य विषय पटापट सांगतो.

दार तीन फूट रुंद. न्हाणीचं दार बाहेर उघडणारं. आत माणूस पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं. खुर्ची वळायला पाच फुटांचा मोकळा गोल. कमोड आणि पलंग खुर्चीच्या बैठकीच्या उंचीचे, म्हणजे हातांवर जोर देऊन सरकता येतं. बेसिनखालचा गरम पाण्याचा पाइप झाकायचा. पायाला चटका बसला तरी कळत नाही, फोड आल्यावर कळतं. बंबातलं पाणी आधी बादलीत विसण घालून हाताने बघायचं. तसंच बसून बसून होणाऱ्या जखमेचं : ती दुखत नाही, म्हणून आरसा हाताशी हवा आणि दर थोड्या वेळाने अंग उचलायची सवय. ओट्याखाली कपाट नको, गुडघे जायला जागा हवी. वहिनी म्हणाल्या, "मग चहा तेच करतील." करतात, साखर जास्त घालतात.

घराबाहेरचं? आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जायबंदी झाले आणि १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमधून पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. पाण्यात पायऱ्या नसतात, हे त्यांचं नशीब. आपल्या बँकेला, तहसीलला, या सभागृहालासुद्धा आहेत. मघाशी मी पाच मोजल्या. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा वाट करून द्या म्हणतो. विश्वस्त मंडळी पुढच्या रांगेत आहेतच.

घंटा झाली. कुणाच्या घरी खुर्चीवरचं माणूस असेल तर जाताना जोत्याची उंची तेवढी सांगा. चहा होईस्तोवर उताराचा हिशेब कागदावर काढून देतो.