दोन आरसे आणि हरवलेली पाचवी प्रतिमा

नमस्कार मंडळी. आरशांच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न सारखा येतोय: "दोन आरशांत ६० अंशांचा कोन ठेवला तर सूत्राने ५ प्रतिमा यायला हव्यात, मला ४च दिसतात. आरसा खराब आहे का?" आरसा ठणठणीत आहे. पाचवी प्रतिमा आहे, तिच्या आड काय येतंय तेवढं बघू.

मूळ नियम पटकन. आपतन कोन (येणाऱ्या किरणाचा) आणि परावर्तन कोन (परतणाऱ्या किरणाचा) सारखे, दोन्ही स्तंभिकेपासून, म्हणजे आरशाला काटकोनात असलेल्या रेषेपासून मोजायचे, आरशापासून नाही. वस्तू आरशाच्या जितकी पुढे, प्रतिमा तितकीच मागे. झालं.

आता जोडणी. १० बाय १५ सेंटीमीटरचे, ३ मिलिमीटर जाड काचेचे दोन आरसे घ्या. पातळ ॲक्रिलिकचे नकोत, ते वाकतात आणि प्रतिमा लाटांसारख्या दिसतात. दोन्ही तोंडाला तोंड लावून मिटलेल्या वहीसारखे धरा आणि तसेच असताना लांब कडेवर बाहेरून चिकटपट्टी मारा. सपाट मांडून मारलीत तर ते नंतर मिटणार नाहीत. कागदावर कोनमापकाने ४५, ६०, ७२, ९० आणि १२० अंशांच्या रेषा काढा आणि आरशाची मागची कड रेषेवर ठेवा. पुढची नाही! परावर्तन होतं ते काचेमागच्या लेपावर. वस्तू म्हणून खोडरबर घ्या, त्यावर ठळक 'क' लिहा आणि सांध्यापासून ५ सेंटीमीटरवर ठेवा.

सूत्र सगळ्यांना पाठ आहे: ३६० भागिले कोन, वजा १. पण वजा १ कशाला? सांध्याभोवती पूर्ण वर्तुळ कल्पा. ६० अंशांच्या ६ फाका होतात. एका फाकेत खरा खोडरबर, उरलेल्या पाचांत प्रतिमा. वजा केलेला तो १ म्हणजे खरी वस्तू.

आणि इथेच अडतं. "प्रतिमेची प्रतिमा" हे शब्द ऐकून लोकांना वाटतं की आरशामागच्या त्या आभासी खोडरबरातून प्रकाश निघतो. तिथे प्रकाशाचा मागमूसही नाही. एकच किरण खऱ्या खोडरबरावरून निघतो, एका आरशावर आपटतो, मग दुसऱ्यावर, मग डोळ्यात. दोनदा आपटला म्हणून दुसऱ्या पायरीची प्रतिमा.

कागदावर हेच करायचं तर सांध्यावर कंपासचं टोक ठेवून वस्तूतून वर्तुळ काढा. सगळ्या प्रतिमा त्याच वर्तुळावर येतात. एका आरशातली प्रतिमा दुसऱ्यात उलटवा, ती परत पहिल्यात. थांबायचं कधी? प्रतिमा दोन्ही आरशांच्या वाढवलेल्या रेषांच्या मागे गेली की. पुढे उलटवायला तिच्यासमोर आरसाच उरत नाही. ही पायरी गाळणाऱ्यांच्या प्रतिमा संपतच नाहीत.

तरी पटत नसेल तर 'क' बघा. एकदा, तीनदा आपटलेल्या प्रतिमेत तो उलटा (डावं-उजवं बदललेला), दोनदा आपटलेल्यात सुलटा. ९० अंशांत मधली प्रतिमा सुलटी दिसते ती म्हणूनच. तिथे उजवा हात हलवा, जग तुम्हाला जसं बघतं तसे तुम्ही दिसाल. पहिल्यांदा भांग पाडायला गेलात तर हात गोंधळतो.

आता ती पाचवी. ६० अंशांत वस्तू बरोबर दुभाजकावर, म्हणजे कोनाच्या मधल्या रेषेवर, आणि डोळाही समोर दुभाजकावर असेल, तर ती सांध्यापलीकडे वस्तूच्या थेट मागे पडते. खोडरबर तिला झाकतो आणि शिवाय सांधा तिला मधोमध चिरतो. नजर उंचावर न्या, किंवा वस्तू दुभाजकावरून थोडी सरकवा.

"मग १२० ला कधी २, कधी ३ का?" कारण फाका ३, विषम. सुलटी, उलटी, सुलटी अशी पाळी विषम फाकांत जुळत नाही. वस्तू दुभाजकावर असेल तरच उजवी-डावी बाजू जुळते आणि प्रतिमा २. सरकवली की ३. पण तिसरी समोरून दिसणार नाही! वस्तू एका आरशाला अगदी चिकटवा, डोळा दुसऱ्या आरशाजवळ न्या आणि त्याच आरशात सांध्यालगत बघा. ७२ लाही तसंच, ४ किंवा ५. कॅलिडोस्कोपमध्ये ६० किंवा ४५ अंश वापरतात ते याचसाठी: फाका सम, म्हणून वेड्यावाकड्या काचतुकड्यांचीही नक्षी कुठे तुटत नाही.

आणि भागाकार पूर्ण येत नसेल तर? ५० अंशांना ३६० भागिले ५० म्हणजे ७.२. "अपूर्णांक सोडा, वजा १ नको, ७ लिहा" असं सर्रास सांगतात. वस्तू दुभाजकावर ठेवून वर्तुळावर काढून बघा, ८ येतात. परीक्षेत सूत्र लिहा बापडे, पण खात्री कंपासने करा.

समोरासमोरच्या आरशांबद्दल थोडं. तिथे कोन ० म्हणून प्रतिमा अनंत, पण कागदावरच. दर परावर्तनाला ९० टक्के प्रकाश परत येतो असं धरा: १० वेळा आपटल्यावर उरतो ३५ टक्के, २० वेळांनंतर १२. शिवाय नेहमीच्या काचेत लोह असतं आणि दर वेळी प्रकाश तिच्यातून जाऊन येतो, म्हणून लांबच्या प्रतिमा हिरवट दिसतात. प्रतिमांच्या रांगेचा हा बोगदा सरळ न जाता वाकत असेल, तर आरसे समांतर नाहीत. तो ज्या बाजूला वळतो तिकडे आरशांमधलं अंतर कमी आहे. त्या बाजूची कड कागदाच्या एका घडीएवढी मागे सरकवा आणि पुन्हा बघा.