गिटार हातात, ताल तोंडात

जॉन मॅकलॉफ्लिनचं नाव निघालं की गिटारवाली मंडळी पहिल्यांदा वेगाची गोष्ट काढतात. हात चालतो त्याचा, वाद नाही. पण आज या सभेत मला त्याच्या तालमीबद्दल बोलायचं आहे. तो कुणाकुणाकडे शिकला, काय घेतलं, काय सोडून दिलं, आणि साठी उलटल्यावर शिकवायला बसला तेव्हा गिटार जवळजवळ बाजूला ठेवून त्यानं काय शिकवलं, हे मला सांगायचं आहे.

जन्म 1942चा, इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या डॉनकास्टरचा. आई हौसेनं व्हायोलिन वाजवायची, घरात पाश्चात्त्य अभिजात संगीत कानावर पडायचं. आधी पियानो शिकला. गिटार घरात आली ती मोठ्या भावांसाठी, आणि एकेका भावाच्या हातातून खाली उतरत ती या शेंडेफळाकडे आली. तेव्हा तो 11 वर्षांचा होता. पुढची शिकवणी रेकॉर्डींची. मडी वॉटर्सचे ब्लूज, मग जँगो राइनहार्ट, मग स्पेनचा फ्लामेंको, मग टॅल फार्लोसारखे जॅझ गिटारिस्ट. समोर बसवून शिकवणारा गिटारचा गुरू त्याला जवळपास नव्हताच. ऐकायचं, सुई मागे न्यायची, पुन्हा ऐकायचं. आपल्याकडेही कित्येक पेटीवाले आणि बासरीवाले असेच तयार झाले आहेत, त्यामुळे यात फार नवल नाही.

साठच्या दशकातलं लंडन मी भरभर ओलांडतो. ग्रॅहॅम बाँडच्या बँडमध्ये वाजवलं, जॉर्जी फेमबरोबर वाजवलं, पोटासाठी स्टुडिओत पडेल ते सेशन केलं. त्याच काळात, पुढे 'लेड झेपेलिन' या रॉक बँडमधून गाजलेल्या जिमी पेजनं त्याच्याकडे काही धडे घेतले होते. तेव्हा दोघांनाही जगात कुणी ओळखत नव्हतं.

खरा धडा मिळाला 1969च्या फेब्रुवारीत. ड्रमर टोनी विल्यम्सनं बोलावलं म्हणून हा न्यूयॉर्कला पोचला आणि काही दिवसांतच जॅझचा ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस याच्या स्टुडिओत जाऊन बसला. वय 27. समोर ज्याच्या रेकॉर्डी ऐकत मोठा झाला तो माणूस. पियानोवादक जो झाविनुलची एक रचना होती, 'इन अ सायलेंट वे'. तिच्यात कॉर्ड भरपूर होत्या. माइल्सचं समाधान होईना. शेवटी त्यानं मॅकलॉफ्लिनला सांगितलं, की गिटार वाजवता येत नाही असं समजून वाजव. आता याचा अर्थ काय घ्यायचा? मॅकलॉफ्लिननं सगळ्या कॉर्ड टाकून दिल्या आणि नुसती 'ई'ची उघडी कॉर्ड धरली. गिटारच्या क्लासमध्ये पहिल्या आठवड्यात शिकवतात ती. त्या एका आधारावर त्यानं सूर चाचपडत चाचपडत लावायला सुरुवात केली. दिवा लागला होता, ध्वनिमुद्रण चालू होतं, आणि तेच रेकॉर्डवर गेलं.

तुम्ही तंबोऱ्यासमोर बसणारे लोक आहात. एक षड्ज, म्हणजे सा, धरून बाकी सगळं त्याच्याशी बोलू द्यायचं, हे तुम्हाला सांगायला नको. गंमत ही की भारतीय संगीताची तालीम सुरू होण्याआधीच त्याला ही जागा सापडली, आणि ती दाखवली एका अमेरिकन ट्रंपेटवाल्यानं.

पुढच्या दोन-तीन वर्षांत तो श्री चिन्मय या आध्यात्मिक गुरूंचा शिष्य झाला. 'महाविष्णू' हे नाव त्यांनीच दिलं. 1971 साली महाविष्णू ऑर्केस्ट्रा निघाली. बिली कॉबम, यान हॅमर, जेरी गुडमन, रिक लेअर्ड, आणि मध्ये पांढऱ्या कपड्यातला हा, गळ्यात दोन दांड्यांची गिटार. 'बर्ड्‌स ऑफ फायर' 18 मात्रांत आहे. पाश्चात्त्य रॉक ऐकणाऱ्यांना चारच्या पलीकडे मोजायची सवय नव्हती, ती या बँडनं लावली. हे श्रेय मोठं आहे. माझं विचाराल तर अर्ध्या तासानंतर मला तो आवाज सोसत नाही. पण तो माझ्या वयाचा दोष असेल.

मला जास्त महत्त्वाची वाटते ती याच सुमाराची दुसरी हालचाल. बँड गाजत होता आणि हा कनेटिकटमधल्या वेस्लियन विद्यापीठात डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकायला जात होता. रामनाथन हे कर्नाटक संगीतातले गायक, वीणावादक आणि मोठे अभ्यासक. जगभर नाव झालेला गिटारिस्ट त्यांच्यापुढे सरळी वरसईपासून, म्हणजे अगदी पहिल्या स्वरपाठांपासून, सुरू होणाऱ्या परंपरेत विद्यार्थी म्हणून बसला. त्या काळात सतार पुष्कळ गोऱ्या लोकांनी हातात घेतली, एखाद्या गाण्यात वाजवली आणि कोपऱ्यात उभी करून ठेवली. मॅकलॉफ्लिननं वीणा घेतली ती शिकण्यासाठी. मैफलीत मिरवली नाही. वाजवायची ती गिटारच, असं त्याचं ठरलं होतं, आणि वीणेकडून जे कळलं ते गिटारमध्ये आणायचं होतं.

ते आणायचं कसं, हा प्रश्न सुतारकामाचा होता. वीणेचे पडदे उंच असतात. तार बाजूला खेचली की एकाच पडद्यावरून तीन-चार स्वर निघतात, गमक, म्हणजे स्वराचं आंदोलन, तिथून येतं. गिटारचे पडदे बुटके, खाली लगेच लाकूड. बोट लाकडाला टेकलं की तार फार खेचता येत नाही. त्यानं पडद्यांमधलं लाकूडच कोरून घेतलं. इंग्रजीत त्याला स्कॅलप करणं म्हणतात. दोन पडद्यांमध्ये खळगा तयार झाला, बोटाला तार नीट पकडता येऊ लागली, खेचताही येऊ लागली, आत दाबूनही सूर चढवता येऊ लागला. शिवाय गिब्सन कंपनीतल्या एब वेक्टरनं त्याच्यासाठी जी गिटार बांधली तिच्यात मुख्य तारांच्या खालून तिरप्या 7 तारा होत्या, रागाप्रमाणे लावायच्या. मधूनच त्या छेडायच्या. आपल्या सतारीच्या बाजूच्या तारांची, चिकारीची, आठवण व्हावी अशी ही सोय.

इथं जरा थांबून एक फरक सांगतो, कारण प्रश्नोत्तरांत तो येणारच. गिटारवर राग वाजवण्याचं काम आपल्याकडे आधीच सुरू झालं होतं. ब्रिजभूषण काब्रा अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य, त्यांची गिटार 1967च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबत तुम्ही सगळ्यांनी ऐकली आहे. विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा नंतरची. पण ही मांडीवर आडवी ठेवलेली, वरून सळई सरकवायची गिटार. पडद्यांचा तिथं प्रश्नच मिटतो, मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग जाणं, आपोआप मिळते. मॅकलॉफ्लिननं पडदे ठेवले, बोटं ठेवली, आणि अडचणही ठेवली. त्यामुळे त्याच्याकडे काब्रांची शांत, लांब आलापी सापडत नाही. राग पुरता उलगडला जात नाही अशी जाणकारांची तक्रार असते आणि ती मला रास्त वाटते. त्याचं बळ लयीत आहे.

1975 साली त्याचा नवा बँड 'शक्ती' उभा राहिला. व्हायोलिनवर एल. शंकर, घटमवर, म्हणजे मातीच्या घड्यावर, विक्कू विनायकराम, सुरुवातीला मृदंगमवर रामनाड राघवन, आणि तबल्यावर मुंबईत वाढलेले, अल्लारखाँचे चिरंजीव झाकिर हुसेन, तेव्हा चोवीस-पंचविशीचे. तबला आणि घटम शेजारी बसून एकाच तालात सवाल-जवाब करताहेत, हे तेव्हा आपल्याकडेही सहज दिसत नव्हतं. उत्तर आणि दक्षिण एकत्र बसली, आणि कामचलाऊ भाषा ठरली ती तोंडानं म्हणायच्या बोलांची. यालाच दक्षिणेत कोन्नक्कोल म्हणतात.

तबल्याची पढंत तुम्हाला माहीत आहे, कथकमधली माहीत आहे. कोन्नक्कोलमध्ये बोल कुठल्याही एका वाद्याचे राहत नाहीत, हिशेब करण्यासाठी वापरतात. तीनाला तकिट. चाराला तकधिमि. पाचाला तदिगिणतोम. आता टाळी धरा, 16 मात्रा, आपला ओळखीचा तीनताल. समेपासून, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेपासून, मी म्हणतो: त-दि-गि-ण-तोम, एक मात्रा गप्प, त-दि-गि-ण-तोम, एक गप्प, त-दि-गि-ण-तोम. शेवटचा तोम कुठे आला? समेवर. पाच अधिक एक, पाच अधिक एक, पाच: सतरा. सोळा संपून सतरावी ती सम. तिहाईच आहे ही, एकच तुकडा तीनदा म्हणून समेवर येणं. पण बघा, यात कुणाच्याही हातात वाद्य नव्हतं आणि तरी सगळ्यांना जागा कळली. (सभागृहात पुन्हा एकदा टाळी धरून म्हणून घेतलं.) दुसऱ्यांदा बरं जमलं. पहिल्यांदा मागच्या रांगेत सम लवकर आली.

मॅकलॉफ्लिनला हे मनापासून पटलं. गिटारवर बोटांना सवयी लागतात. ओळखीचा आकृतिबंध आला की बोटं परस्पर धावतात आणि डोकं मागून येतं. तोंडाला ती सवलत नसते. जे कळलेलं नाही ते तुम्ही लयीत म्हणूच शकत नाही. त्याचा 1989चा लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधला कार्यक्रम ऐका. तालवाद्यांवर त्रिलोक गुर्टू आहे, शोभा गुर्टूंचा मुलगा. ठुमरी-दादऱ्याच्या घरातला, मुंबईत तबला शिकलेला आणि जॅझकडे गेलेला. तिथं गिटार आणि बोल एकमेकांवर चढत जातात तेव्हा कोण कुणाच्या मुलखात आहे हे विसरायला होतं. त्याच्या आधी, 1980च्या डिसेंबरात, पाको दे लुसिया आणि अल दि मेओला यांच्याबरोबर सॅन फ्रान्सिस्कोत त्यानं जी तीन गिटारांची मैफल केली ती अर्थात जास्त खपली. वेगाची चर्चा तिथूनच जास्त होते.

शिकवण्याकडे तो उशिरा वळला. 2004 साली गिटारचे पाठ तीन डीव्हीडींत निघाले, स्केल, कॉर्ड, त्यांवरचं उत्स्फूर्त वादन, सगळं पद्धतशीर. काही वर्षांनी विक्कू विनायकरामांचे चिरंजीव सेल्वगणेश यांच्याबरोबर त्यानं आणखी एक डीव्हीडी केली. ती पूर्णपणे कोन्नक्कोलची. शिकणारा ड्रमर असो, पियानिस्ट असो की गायक, सुरुवात टाळीनं आणि तकिटनं. मला हे त्याचं सर्वांत प्रामाणिक काम वाटतं. आपलं वाद्य मध्ये न आणता, जे दुसऱ्याकडून मिळालं ते मिळालं त्याच रूपात पुढे दिलं, आणि ते देताना त्या परंपरेतला माणूस शेजारी बसवला. आपल्याकडच्या गिटारच्या क्लासमध्ये मुलं पडद्यांचे आकडे पाठ करून येतात, गाणं वाजवतात, आणि टाळी धर म्हटलं की गोंधळतात. या मुलांना दक्षिणेत पाठवायची गरज नाही, शेजारच्या तबल्याच्या क्लासमध्ये दोन महिने बसवलं तरी चालेल.

'शक्ती' सत्तरच्या दशकाच्या शेवटी थांबली, 1997नंतर 'रिमेंबर शक्ती' म्हणून परत आली, मँडोलिनवाले यू. श्रीनिवास आले, गायक शंकर महादेवन आले, 2014 मध्ये श्रीनिवास गेले. 'धिस मोमेंट' या अल्बमला 2024च्या फेब्रुवारीत ग्रॅमी मिळालं आणि त्याच डिसेंबरात झाकिरभाई गेले. त्यावर मी वेगळं काही बोलत नाही, इथल्या अनेकांनी त्यांना समोर बसून ऐकलं आहे.

आता 'शक्ती'ची 1976ची पहिली रेकॉर्ड लावतो. 'जॉय' ही रचना, 18 मिनिटांच्या आसपासची. मधल्या भागात व्हायोलिन आणि गिटार एकच वाक्य बरोबर वाजवतात तिथं टाळी धरून बघा, आणि सम चुकली तर शेजाऱ्याकडे बघू नका, त्याचीही चुकलेली असेल.