फियाट ५०० आणि मिनी: आडव्या इंजिनाचं श्रेय कुणाचं?

गिअरच्या दांड्यामागे दोन छोटे लिव्हर दिसतायत? एक चोकचा, एक स्टार्टरचा. स्टार्टरचा वर ओढला, की पाठीमागून फटफट सुरू. ही फियाट ५००, जुलै १९५७ची. इंजिन मागे, दोनच सिलिंडर, ४७९ सीसी, हवेवर थंड होणारं आणि ताकद जेमतेम १३ हॉर्सपॉवर. कापडी छत मागे गुंडाळलं की वारा तर मिळतोच, वर इंजिनाचा आवाज आत घुमत नाही. पत्रा वाचला तो वेगळाच.

गिअरबॉक्स मात्र सिंक्रोमेशविना, म्हणजे गिअरचे वेग आपोआप जुळवणारी सोय नाही. गिअर खाली टाकताना क्लच दोनदा दाबायचा, नाहीतर करकर ऐकायची. सुरुवातीला गाडी दोघांपुरतीच होती, खपही रेंगाळला. फियाटनं काही महिन्यांतच सुधारणा केल्या, मग कुठे ती इटलीच्या गल्लीबोळांत शिरली.

तिकडे इंग्लंडात १९५६च्या सुएझ कालव्याच्या पेचामुळे पेट्रोलचं रेशनिंग आलं. बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) या मोटार कंपनीचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांनी कंपनीचा इंजिनिअर अ‍ॅलेक इसिगोनिसकडे छोटी गाडी मागितली. ऑगस्ट १९५९मध्ये मिनी बाजारात आली. लांबी दहा फूट, म्हणजे फियाटहून वीतभरही जास्त नाही. पण आत चार माणसं ऐसपैस. इसिगोनिसनं ८४८ सीसीचं इंजिन पुढे आडवं, म्हणजे गाडीच्या रुंदीच्या दिशेनं बसवलं, गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली ऑइल संपमध्ये, म्हणजे ऑइल साठवणाऱ्या भांड्यात कोंबला आणि चाकं दहा इंचांची घेतली. स्पार्क प्लगांना वीज वाटणारा डिस्ट्रिब्यूटर मात्र पुढच्या जाळीच्या अगदी मागे. जोराचा पाऊस आला की पाणी थेट त्यावर आणि गाडी रस्त्यात बंद! तरी १९६४, ६५ आणि ६७ साली माँटे कार्लो रॅली जिंकली ती याच चिमुरडीनं.

आजच्या छोट्या गाड्यांतल्या आडव्या इंजिनाचं श्रेय सरसकट मिनीला दिलं जातं. मला ते अर्धंच पटतं. मिनीत इंजिन आणि गिअर एकाच ऑइलवर चालत. गिअरच्या दातांत ते ऑइल लवकर खराब होई. ही गाठ सोडवली ५००च्याच कर्त्यानं, दांते जाकोझानं. (आपली पद्मिनी ज्या फियाट ११००वरून आली, तीही त्याचीच.) त्यानं इंजिन आडवंच ठेवलं, पण गिअरबॉक्स टोकाला, शेजारी जोडला. १९६४मध्ये आउटोबिआंकी या भागीदारीतल्या कंपनीच्या प्रिमुला गाडीवर फियाटनं हा प्रयोग करून पाहिला. स्वतःचं नाव लावायचा धीर १९६९च्या फियाट १२८मध्ये झाला.

तुमच्या हॅचबॅकचं बॉनेट उघडून बघा. गिअरबॉक्स इंजिनाखाली नाही, शेजारी आहे.