आधी दोन महापौर

(दुओमों. पांढऱ्या क्रॉसच्या रांगा, मागे अस्थिगृहाचा मनोरा.)

ईशान्य फ्रान्समधल्या व्हर्दंच्या, पहिल्या महायुद्धातल्या रणभूमीवरचं, दुओमोंचं हे अस्थिगृह. मागच्या भिंतीत, जमिनीलगत, या लहान खिडक्या आहेत. आत दिसतात ती सुमारे १ लाख ३० हजार सैनिकांची हाडं. १९१६ साली दहा महिने इथे तोफा धडाडत होत्या. फ्रेंच कोण, जर्मन कोण, हे ओळखण्याजोगं काही उरलं नाही. सगळे एकत्रच ठेवले आहेत.

२२ सप्टेंबर १९८४. याच अस्थिगृहासमोर फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मितराँ आणि जर्मनीचे चॅन्सेलर कोल. कोल यांचे वडील पहिल्या महायुद्धात व्हर्दंला लढले होते. मितराँ १९४० साली व्हर्दंजवळच जखमी झाले होते.

(हातात हात. निवेदन नाही, दृश्य पूर्ण चालू द्यावे.)

हे छायाचित्र जगभर गेलं. जायलाच हवं होतं. पण फ्रान्स-जर्मनी मैत्रीचं काम त्याआधी ३४ वर्षं सुरू झालं होतं, आणि ते नगरपालिकेत.

(मोंबेलियार. किल्ल्याचे गोल बुरूज.)

पूर्व फ्रान्समधलं मोंबेलियार. हा किल्ला व्युर्टेम्बर्गच्या जर्मन घराण्याचा. १७९३ पर्यंत गावही त्यांच्याच ताब्यात होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर इथले महापौर होते ल्युसियाँ थारादाँ. नाझींविरुद्धच्या भूमिगत लढ्यात ते पकडले गेले आणि बुखेनवाल्डच्या छळछावणीतून जिवंत परतले. १९५० साली या माणसानं त्याच व्युर्टेम्बर्गमधल्या लुडविग्सबुर्गशी नातं जोडायचं ठरवलं. तिथले महापौर एल्मार डॉख यांनी साथ दिली. युद्ध संपून जेमतेम पाच वर्षं झाली होती. दोन्हीकडे घराघरांत माणसं गेलेली. बुखेनवाल्ड भोगून आलेल्याला ‘तुम्हाला काय कळणार’ असं कोण म्हणणार? थारादाँ यांच्या शब्दाला वजन आलं ते यामुळेच, असं आम्हाला वाटतं. फ्रेंच आणि जर्मन शहरांची ही पहिली जोडी.

(लुडविग्सबुर्गचा राजवाडा. जुनं चित्रीकरण.)

९ सप्टेंबर १९६२. अंगण जर्मन तरुणांनी भरलंय. समोर फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष दगॉल. मार्च १९१६ मध्ये, कॅप्टन असताना, ते दुओमोंलाच जखमी होऊन जर्मनांच्या हाती सापडले होते आणि युद्ध संपेपर्यंत कैदेत राहिले. आज ते बोलताहेत जर्मनमध्ये. हातात कागद नाही. या मुलांना ते थोर राष्ट्राची लेकरं म्हणतात, आणि त्या राष्ट्राच्या हातून मोठ्या चुका झाल्या, हेही तिथेच सांगतात.

(टाळ्यांचा मूळ आवाज.)

पुढचं भराभर घडलं. २२ जानेवारी १९६३ ला दगॉल आणि जर्मनीचे चॅन्सेलर आडेनाउअर यांनी दोन्ही देशांच्या मैत्रीच्या, एलिझे करारावर सह्या केल्या. त्याच वर्षी दोन्ही देशांचं संयुक्त युवा कार्यालय निघालं; त्यातून आजवर ९० लाखांहून अधिक तरुणांनी देवाणघेवाणीत भाग घेतला. शहरांच्या जोड्या आता सुमारे २,२०० आहेत. स्ट्रासबुर्गची ट्राम २०१७ पासून ऱ्हाइन ओलांडून जर्मनीतल्या केलपर्यंत जाते.

(ट्राममधली शाळकरी मुलं.)

मुलांच्या सहली, घरोघरी राहण्याची सोय, सामने, गाण्यांचे कार्यक्रम. हे सारं आजही गावातली मंडळं, शाळा आणि नगरपालिकाच पाहतात.